सड्याला खत नको

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या सड्यावर वृक्षारोपण झाले. वनमहोत्सव खरा जुलैच्या पहिल्या आठवड्यातला, पण पावसाने तो लांबला. डिचोली तालुक्यातला आमचा हा सडा म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. तिथे कुदळ चालत नाही, म्हणून खड्डे आदल्या दिवशी पहारीने मारून ठेवले होते. प्रत्येक खड्ड्याजवळ एक पाटी तांबडी माती आणि अर्धी पाटी शेणखत. शाळेची मुले रांगेने वर आली, माती ओतली, खत कालवले, रोपे लावली, फोटो काढले. खाली उतरताना मुलांच्या पायांखाली निळ्याजांभळ्या फुलांचा एक पट्टाच्या पट्टा चिरडला गेला. ती सीतेची आसवे होती. मुलांचा त्यात काही दोष नाही. ती फुले आहेत, ती बघायची असतात, असे त्यांना आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

त्या दिवशीच्या भाषणांत सड्याला दोन-तीनदा ‘पडीक’ म्हटले गेले आणि एकदा ‘नापीक’. यातला दुसरा शब्द अगदी बरोबर आहे. सडा नापीक आहे, हजारो-लाखो वर्षे नापीक आहे आणि तो तसा आहे म्हणूनच त्याच्यावर जे उगवते ते दुसरीकडे सहसा उगवत नाही. त्याला सुपीक करण्याचा प्रत्येक प्रयत्न, मग तो शेणखताच्या पाटीने असो की झाडाच्या मुळांतून, त्याच्यावरचे जीवन संपवणारा आहे. गोव्यात गेली काही दशके आपण हेच करत आलो आहोत आणि त्याला हरितीकरण म्हणत आलो आहोत. हे थांबले पाहिजे, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी मातीबद्दल बोलू, कारण सगळे तिथेच आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. असा पाऊस युगानुयुगे खडकातून झिरपत राहिला की चुना, मॅग्नेशियम, पालाश, सिलिका असे जे विरघळण्यासारखे असते ते वाहून जाते. मागे उरते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. त्या लोहाची आणखी एक खोड आहे. स्फुरद (फॉस्फरस) त्याला असा चिकटून बसतो की मुळांच्या हाती सहज लागत नाही. वर मातीचा थर कुठे चार बोटे, कुठे वीतभर, कुठे नुसता उघडा कातळ. एप्रिल-मे महिन्यांत तो कातळ इतका तापतो की अनवाणी पाऊल ठेववत नाही आणि जूनच्या पहिल्या सरीत जे काही वाळलेले, कुजलेले असेल ते धुऊन खाली जाते. म्हणजे नत्र (नायट्रोजन) साठण्याचीही सोय नाही. कातळावर काळे बुळबुळीत पापुद्रे दिसतात ना, ती नीलहरित शैवाले. हवेतला थोडासा नत्र तीच मातीत आणतात. सड्याचा सगळा संसार असा तुटपुंज्या शिधावर चालतो.

आता या शिधावर कोण जगते ते पाहा. सीतेच्या आसवांच्या मुळाकडे, ओल्या चिखलात, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की ती क्षणार्धात त्याला आत ओढून घेते. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यांवर चिलटे अडकतात आणि तिथेच पचतात. या वनस्पती किडे खातात ते हौसेने नव्हे. मातीत जो नत्र मिळत नाही तो त्या किड्यांतून मिळवतात. गेंदाचे पांढरे गोंडे पाणथळ जागी पसरतात आणि दुरून कोणी चुरमुरे सांडल्यासारखे दिसतात. पिवळा कवला असतो. तो शेंगवर्गातला, म्हणजे स्वतःच्या मुळांवरच्या गाठींत नत्र तयार करणारा. मग त्याच्याने माती बिघडत नाही का? नाही बिघडत, कारण तो वीतभर उंचीचा जीव आहे, चार महिने जगतो आणि मरतो, त्याचा नत्र चमच्याने मोजावा एवढाच. सड्याचा हिशेब चमच्यांचा आहे. ही सगळी मंडळी बुटकी, नाजूक, उन्हाची भुकेली. भरपूर खतामातीच्या जागी ती दिसत नाहीत, याचे कारण तिथे त्यांना जगता येत नाही असे नाही. तिथे त्यांच्यापेक्षा उंच, धटिंगण वनस्पती त्यांना उन्हातून ढकलून देतात. सड्याची गरिबी हे त्यांचे कुंपण आहे. धटिंगणांना तिथे पोट भरत नाही म्हणून ती आत येत नाहीत.

हे माझे काव्य नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८५६ साली एका गवताळ कुरणावर एक प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. कुरणाचे तुकडे पाडले, काहींना दरवर्षी वेगवेगळी खते, काहींना काहीच नाही. ज्या तुकड्यांना दीडशे वर्षांहून अधिक काळ चिमूटभरही खत मिळालेले नाही, त्यांत आज चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत. ज्यांना अमोनियाच्या रूपात भरपूर नत्र मिळाले आणि चुना मिळाला नाही, त्यांतल्या काही तुकड्यांत दोन-तीन जातींची गवते उरली आहेत. चारा भरपूर निघतो, पण बाकीचे सगळे गेले. वनस्पतिशास्त्र शिकवताना मी हा प्रयोग फळ्यावर काढून दाखवत असे. तोच प्रयोग आपण आपल्या दारातल्या सड्यावर करतो आहोत हे ध्यानात यायला मला स्वतःला फार वर्षे लागली.

आपल्याकडे खताची गोणी घेऊन कोणी वर गेले नाही. आपण अकेशिया लावला.

ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया हे त्याचे माहेर. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सामाजिक वनीकरणाची लाट आली, १९८५ साली राष्ट्रीय पडजमीन विकास मंडळ स्थापन झाले, ‘पडीक जमीन हिरवी करा’ हा मंत्र देशभर झाला. गोव्यात त्या मंत्राला अकेशिया फार सोयीचा पडला. कातळावर जगतो, खाणीच्या ढिगाऱ्यावर जगतो, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, राखण लागत नाही, पाच-सहा वर्षांत डोक्यावरून जातो. ज्यांनी लावला त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. मी स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन त्याची रोपे लावली आहेत.

पण हे झाड करते काय? त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. झाड बारमाही हिरवे. आपण ज्याला त्याचे पान म्हणतो तो खरे तर चपटा झालेला देठ, चिवट आणि चामड्यासारखा. तो गळतो, पण लवकर कुजत नाही. एका अकेशियाखाली मार्चमध्ये जाऊन उभे राहा. पाऊल ठेवले की चर्र आवाज येतो, घोट्यापर्यंत पाचोळा. त्या पाचोळ्यातून नत्र सावकाश, वर्षानुवर्षे, मातीत उतरत राहतो. म्हणजे एकाच झाडाने तीन गोष्टी केल्या. सावली धरून ऊन तोडले. पाचोळ्याची गादी घालून, मोहरीहूनही बारीक असलेले स्थानिक बी खाली गाडून टाकले. आणि सड्याचे कुंपण, त्याची नत्राची गरिबी, मोडून काढली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी झाड तोडले की दूर होतात. तिसरी होत नाही, आणि म्हणून मला तिची धास्ती सर्वांत जास्त वाटते.

हवाई बेटांवर हे फार बारकाईने तपासले गेले. तिथल्या ज्वालामुखीच्या नव्या जमिनीत नत्र जवळजवळ नाही आणि त्या जमिनीवरच्या मूळ वनस्पतींत असा नत्र धरणारे झाड नव्हते. मायरिका फाया नावाचे बाहेरचे झाड तिथे शिरले. पीटर व्हिटुसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की या एका झाडाने त्या जमिनीत येणारा नत्र सुमारे चौपट केला. एका वनस्पतीने सबंध परिसंस्थेचा पाया बदलल्याचे हे उदाहरण तेव्हापासून जगभर दिले जाते. दक्षिण आफ्रिकेचा धडा आपल्याला आणखी जवळचा, कारण तिथले पाहुणे ऑस्ट्रेलियन अकेशियाच. केपच्या फिनबॉस झुडपांची मातीही आपल्या सड्यासारखी कंगाल. १९९५ पासून तिथले सरकार ‘वर्किंग फॉर वॉटर’ या कार्यक्रमाखाली हजारो माणसे लावून परकी झाडे तोडते आहे. झाडे गेली तरी अनेक ठिकाणी मातीत नत्र चढलेलाच राहिला आणि मोकळ्या जागी फिनबॉस परतण्याऐवजी तणगवतांनी बस्तान मांडले.

आणि किडे खाणाऱ्या वनस्पती? उत्तर अमेरिकेतल्या घटपर्णीला नत्र दिला तर ती घट कमी आणि सपाट पाने जास्त काढते, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. शिकारीची गरजच उरत नाही. ऐकताना वाटते, बरेच झाले, सुखी झाली. पण तिच्या शेजारच्या गवतालाही तोच नत्र मिळालेला असतो आणि उंच वाढण्याच्या शर्यतीत ती गवताला कधीच जिंकू शकत नाही.

अकेशिया हा पहिला पाहुणा. त्याच्या पाठोपाठ येते रानमोडी. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण, कुठेही रस्त्याकडेला, काजूच्या बागेत, तोडलेल्या रानाच्या मोकळीकीत बघा, तीच असते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात ती भारतात आली. पान चोळले की उग्र वास येतो, गुरे खात नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पांढुरक्या-जांभळट फुलांनी डोंगर धुकट दिसतो, मग बी वाऱ्यावर उडते. उन्हाळ्यात ती वाळून काडी होते, पेट घेते आणि पावसात बुंध्यातून पुन्हा फुटते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यातल्या वणव्यांवर नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावे लागले होते. त्या आगी कशा लागल्या यावर मी बोलणार नाही, पण रानात जमिनीलगत वाळलेल्या काडीकचऱ्याचा थर जितका जाड तितकी आग पसरते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

रानमोडीची गोष्ट मात्र मला प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती सरळ नाही. तिच्याखालची माती पुष्कळदा अधिक कसदार सापडते. पश्चिम आफ्रिकेत काही शेतकरी पडीत टाकलेल्या शेतात ती वाढू देतात आणि पुढच्या पिकासाठी तिच्या पाल्याचा उपयोग करतात. मग आक्षेप कशाला? आपल्या पश्चिम घाटातच त्याचे एक उत्तर मिळाले आहे. मंगला, इंदरजित आणि कॅलवे यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की रानमोडीच्या मुळांभोवतीच्या मातीत फ्युझेरियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू मोठ्या प्रमाणात साठतात आणि त्या मातीत स्थानिक रोपांची वाढ खुंटते. बुरशी आपलीच, इथलीच. रानमोडीला ती फारशी बाधत नाही. म्हणजे रानमोडी एकीकडे कस वाढवते आणि दुसरीकडे त्याच मातीत शेजाऱ्यासाठी रोगराई साठवते. ‘मातीचा कस वाढला’ हे एकच वाक्य ऐकून माना डोलावू नयेत ते यासाठी. कस वाढला तर कोणासाठी वाढला, हे विचारायला हवे.

मला नेहमी विचारले जाते, “मास्तर, गोव्यात काय परके नाही? काजू कुठला?” प्रश्न रास्त आहे. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. मिरची, पेरू, पपई, अननस, बटाटा, सगळे समुद्रापलीकडचे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे कायद्याने ती गोव्याची झाली. माझा झगडा पासपोर्टशी नाही. मिरची परसात लावली तर परसातच राहते, कोणी पाणी घातले नाही तर मरते. परकी असणे आणि आक्रमक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ साली आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाने जो अहवाल दिला त्यात माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जाती ३७ हजारांहून अधिक सांगितल्या आहेत आणि त्यांतल्या आक्रमक, अपाय करणाऱ्या सुमारे साडेतीन हजार. दहात एक. त्या एकाला ओळखायचे आणि बाकी नऊंना सोडून द्यायचे. काजूही रानात आपोआप उगवतो हे खरे आहे आणि रान तोडून त्याची लागवड वाढवायलाही माझा विरोध आहे. पण काजूची बाग दरवर्षी बेणली जाते, माणूस तिच्यात असतो. अकेशियाचा सडा एकदा लावला की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. त्याच्या शेंगा उकलतात, नारिंगी देठाला लटकलेले काळे बी पक्षी नेतात आणि पुढच्या पावसात जिथे कोणी लावला नाही तिथेही तो उभा असतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तो खाणपट्ट्यातून येतो: “खाणीच्या ढिगाऱ्यांची माती अकेशियानेच धरली ना?” डिचोलीत राहून मला तो टाळता येणार नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजे रद्द ठरवली. ढिगारे मात्र तिथेच आहेत. त्या टाकाऊ मातीवर पावसाळ्यात काहीच उभे नसेल तर ती वाहून शेतात, ओहोळात, नदीत उतरते आणि भातशेती लाल चिखलाखाली जाते. तिथे अकेशियाने माती धरून ठेवली, हे मी नाकारत नाही. ढिगाऱ्यावर जपण्यासारखी जुनी माती नव्हतीच. खाणीने ती आधीच उलथून टाकली होती. तिथे नत्र वाढवणारे झाड हा पहिला टप्पा म्हणून मला मान्य आहे, फक्त पहिला. पुढे ते विरळ करून खाली किंदळ, ऐन, खैर, जांभूळ, करवंद यांची रोपे चढवायला हवीत. पण ढिगारा आणि सडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक माणसाने मारलेली जमीन आहे, दुसरी जिवंत. दोन्हींना ‘पडीक’ या एकाच रकान्यात टाकून एकच औषध पाजणे, ही मूळ चूक.

हा रकाना कागदावर कसा तयार होतो तेही सांगतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर वृक्षांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांच्या वर असली की ती जागा वनाच्छादनात धरली जाते, जात कोणतीही असो, मालक कोणीही असो. त्यामुळे गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरांतले सुमारे साठ टक्के वनाच्छादन म्हणून दिसते, जेव्हा सरकारदप्तरी नोंदलेले वनक्षेत्र एक तृतीयांशाच्या आसपास आहे. त्या साठ टक्क्यांत म्हादईचे घनदाट रान आहे, काजूच्या आणि माडांच्या बागा आहेत आणि अकेशियाही आहे. फुललेला सडा मात्र त्यात नाही. त्यावर अकेशिया लावला की तो ‘वाढलेले वनाच्छादन’ होतो. म्हणजे मोजमापाची रीतच अशी की नाश झाला तर आकडा वर जातो. यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. उपग्रहाला छत्र दिसते, पिशवीचे तोंड दिसत नाही.

कायद्याचेही तसेच. १९८४ चा आपला वृक्षसंरक्षण कायदा चांगला आहे, त्याने पुष्कळ झाडे वाचली आहेत. त्यातली ‘वृक्ष’ या शब्दाची व्याख्या २०१६ साली बदलली आणि माड त्यातून वगळला गेला तेव्हा गोवा पेटून उठला होता. पुढच्याच वर्षी माड व्याख्येत परत घ्यावा लागला. त्या वेळी मला फार अभिमान वाटला होता. पण त्याच वेळी मनात आले होते की व्याख्येच्या दाराबाहेर गेंद, दवबिंदू, कवला जन्मापासून उभे आहेत आणि त्यांच्यासाठी एक सभा झालेली नाही. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला. तिथे किती झाडे तोडली यावर वर्षानुवर्षे वाद झाला, न्यायालयात गेला, आणि व्हायलाच हवा होता. पठारावरच्या तृणफुलांचा हिशेब त्या वादात कुठेच नव्हता. भरपाई म्हणूनही झाडेच लावायची असतात. ती लावायला मोकळी जागा लागते आणि मोकळी जागा म्हणून बोट जाते ते दुसऱ्या सड्याकडे. २०२३ च्या हरित श्रेय नियमांनी तर ‘अवनत’, म्हणजे कस गेलेल्या, जमिनीवर झाडे लावणाऱ्याला त्याबद्दल श्रेय देऊ केले आहे. आपला सडा त्या यादीत जाऊन बसला तर त्याला सोडवणे फार कठीण जाईल.

मग करायचे काय? सर्वांत आधी, सड्यावर काहीही लावणे बंद करायचे. देशी झाडसुद्धा नाही. वड-पिंपळ कितीही पवित्र असले तरी त्यांची जागा कातळावर नाही. ज्यांना झाडे लावायची आहेत त्यांनी रस्त्यांच्या कडा, शाळांची आवारे, उघडे पडलेले डोंगरउतार, उजाड झालेल्या देवरायांच्या कडा हाती घ्याव्यात. सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय ज्यांनी पाहिली आहे, तिथल्या दलदलीत गुडघ्यांसारखी वर आलेली रानजायफळाची मुळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की दाट सावलीच्या रायीत रानमोडी पाऊलही टाकत नाही. तिला ऊन लागते. राय टिकवली की रानमोडीचे निर्मूलन आपोआप होते. सडा उघडा ठेवायचा आणि राय मिटलेली ठेवायची, दोघांची औषधे उलटी आहेत.

अकेशिया जिथे चढला आहे तिथे तोड हवी, पण एका दमात सपाट करणारी नको. एकदम उघड्या पडलेल्या, नत्राने भरलेल्या मातीवर रानमोडी आणि रानतुळस पहिल्याच पावसात धावून येतात. हे मी माझ्या डोळ्यांनी दोन ठिकाणी पाहिले आहे. सड्याच्या ज्या कडेला अजून फुले शिल्लक आहेत तिथून सुरुवात करावी, म्हणजे बी जवळ असते. तोडलेल्या झाडाचा पाचोळा तिथेच कुजू देऊ नये. एरवी मी शेतकऱ्यांना सांगतो की पाला जाळू नका, मातीला द्या. इथे उलटे सांगतो, पाला गोळा करून खाली न्या, शेताला द्या. जो नत्र सड्याला विष आहे तो वायंगणाला, म्हणजे हिवाळी भातशेतीला, अमृत आहे. नवी उगवलेली रोपे जून-जुलैमध्ये, माती ओली असताना, हाताने उपटावीत. रानमोडी नोव्हेंबरच्या आधी, फुलण्यापूर्वी, मुळासकट काढावी. नुसती कोयत्याने छाटली तर ती दुप्पट फुटते. आणि गुरे. पूर्वी गावची गुरे सड्यावर चरत, बायका दिवाळीनंतर गवत कापून भारे खाली आणत. तो चारा म्हणजे सड्यावरून दरसाल खाली येणारा नत्र होता. आपण त्याला कधी संवर्धन म्हटले नाही, पण सडा गरीब राहिला तो त्या विळ्यामुळेही. आमच्या शेजारच्या काकी अजून कधी कधी वर जातात आणि रिकाम्या हाताने परततात. “हांगा आतां तण येना,” (इथे आता गवत येत नाही) एवढेच सांगतात.

अकेशियाच्या सरपणावर काही घरांच्या चुली चालतात, हे विसरून चालणार नाही. तोड जी होईल तिचे लाकूड त्याच वाड्यावरच्या घरांना मिळाले पाहिजे, ठेकेदाराच्या ट्रकात जाता कामा नये. हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. त्या नोंदवह्या मी चाळल्या आहेत. आंबे, फणस, औषधी मुळ्या, गुरांच्या जाती यांची पाने भरलेली असतात. सड्यासाठी पान नसते. ते पान उघडावे, त्यावर कोणत्या महिन्यात काय फुलते ते लिहावे आणि पंचायतीने ठराव घालून ती जागा ‘पडीक’मधून काढावी. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या छताचे, सामान आणायला मुले अजूनही रानात जातात. कांगलां, माटुळ्या, घागऱ्या, कवंडळ, शेरवड. आमच्या लहानपणी घरामागच्या उतारावर एका फेरीत अर्धी माटोळी भरायची. आता दुचाकीवरून दहा-बारा किलोमीटर लांब जातात आणि बरेचसे बाजारातून घेतात. त्या उतारावर आज रानमोडी आहे, तिच्यातून वेल वर चढत नाही. मे महिन्यात कांटां आणि चुन्नां ही रानफळे घेऊन म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारा, त्याही हेच सांगतील.

वृक्षारोपणाच्या त्या खड्ड्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. एप्रिलपर्यंत निम्म्याहून अधिक रोपे जळाली, टँकरने पाणी घालूनही. ते मला अपेक्षित होते. यंदा पाऊस लागल्यावर मी वर गेलो तेव्हा जे पाहिले ते अपेक्षित नव्हते. मेलेल्या प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात रानतुळस कमरेएवढी उभी होती आणि खड्ड्याभोवती, जिथवर खतमाती पावसाने पसरली होती तिथवर, हातभर रुंदीचे एक वर्तुळ उंच गवताचे होते. त्या वर्तुळात गेंदाचा एकही गोंडा नव्हता. वर्तुळाबाहेर एक पाऊल टाकले की पांढरा गालिचा. मी बसून बोटाने ती रेघ काढत गेलो, एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत.

शाळेत जाऊन बाईंशी बोललो आहे. ज्या मुलांनी माती वर नेली होती तीच मुले येत्या शनिवारी वर येणार आहेत. रानतुळस उपटायची, खड्ड्यातली माती पाट्यांत भरायची आणि खाली शाळेच्या भाजीच्या वाफ्यात आणून टाकायची. एक्केचाळीस खड्डे आहेत. या वेळी त्यांना चप्पल-बूट खालीच काढून ठेवायला सांगितले आहे.